सावकाश वाळणारा गोंद

सोमवार, ४ तारीख

धाकटे,

तू सूनबाईला लिहिलेली चिठ्ठी तिने मला वाचून दाखवली. मग मी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचली, कारण सूनबाई माझ्या रक्तदाबाच्या काळजीने कधी कधी चांगलं तेवढंच वाचते. पण तुझ्या चिठ्ठीत चांगलं-वाईट एकाच ओळीत होतं. ‘दादाला सांग, पियानो वाजण्याजोगा केला असेल, तर जाण्याआधी एकदा येऊन जाईन. बोळक्या तोंडासमोर बसायला येणार नाही.’ खाली बारीक अक्षरात, ‘दुपारच्या गाडीने येईन, संध्याकाळच्या गाडीने परत. फक्त चहा.’

आता बोळक्या तोंडाचं दुःख कुणाला सांगतेस? जन्मभर मी कवळ्याच केल्या. या पियानोला बावन्न पांढरे दात, म्हणजे पट्ट्या. त्यातल्या सतरांच्या टोप्या, म्हणजे लाकडावर चिकटवलेली पांढरी आवरणं, आईच्या मागे एकेक करून निखळल्या. त्या मी डब्यात जपून ठेवल्या आहेत, हे तुला माहीत नसेल. उरलेल्या हलतात. म्हणून ठरवलं, सगळ्याच काढायच्या आणि नव्या बसवायच्या. चिठ्ठी आली त्याच दुपारी मी झाकण उघडून बसलो. जेवण कोण विचारतो.

फोन का नाही केला, म्हणशील. फोन तू ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलंस तरी आतलं लिहिलेलं तसंच राहतं, आज ना उद्या वाचशील.

तू महिनाअखेर मुलाकडे कायमची चाललीस. समुद्रापलीकडे. आपल्या दोघांच्या वयाकडे पाहता पुन्हा भेट व्हायची ती फोटोतच. त्यामुळे आई गेल्यानंतर जे झालं, ते मी उकरून काढणार नाही. फक्त एवढंच लिहितो, की दोर बारीक होता. तू पियानो सासरी न्यायला आली होतीस, तो जिन्यातून मावेना म्हणून खिडकीची चौकट काढली होती, पियानो अर्धा बाहेर लोंबकळत होता, आणि खाली तुझ्या सासरची माणसं माना वर करून उभी होती. तो सुटला असता तर आज तू भाऊ सोडून वकिलांशी बोलत असतीस. मी ओढून परत आत घ्यायला लावला. तुझी चारचौघांत शोभा झाली, मान्य. पण दोर बारीक होता.

असो. काम सुरू झालं. पहिली टोपी काढायला सूनबाईची इस्त्री मागितली. ओलं फडकं, वर इस्त्री, खालचा गोंद मऊ, की पातळ पातं सरकवायचं, अशी युक्ती आमच्या तारवाल्याने सांगितली होती. हा तारवाला म्हणजे पियानोचे सूर लावणारा. आईच्या वेळचाच. आता कानाला यंत्र लावतो आणि तरी सूर लावतो. इस्त्री तापली, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी निखळलेल्या टोपीची कड आधी अंगठ्याने जोरात घासून नाकाशी नेली. कापराचा वास. म्हणजे सेल्युलॉइड. आमच्या धंद्यात जुने लोक त्याच्या कवळ्या करत, आणि विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ताकीद देत. इस्त्री टेकली असती तर भडका. मी इस्त्री बंद केली, पिन काढली, आणि खबरदारी म्हणून सगळ्या घराचं मेन स्विच बंद केलं. सूनबाई म्हणाली, “मामंजी, फ्रिजसुद्धा पेट घेणार होता का?”

आता कोमट पाण्याचं फडकं ठेवून, पातं सरकवून काढतोय. वेळ लागतो, पण लाकूड सोलत नाही.

तारीख कळव. म्हणजे घाई नाही. पण कळव.

तुझा
दादा


शनिवार, ९ तारीख

धाकटे,

सगळ्या टोप्या निघाल्या! एकसुद्धा पट्टी चिरली नाही.

कसं केलं ते सांगतो, म्हणजे तुझी खात्री पटेल की काम वेड्यावाकड्या हातात नाही. काळ्या पट्ट्या जागच्या जागी ठेवल्या. पांढऱ्या तेवढ्या एकेक उचलून घेतल्या. हातभर लांब लाकडाची पट्टी असते ती, आपल्याला दिसतो तो पुढचा वीतभर. मागचा भाग आत असतो. त्यावर कारखान्याने शिक्क्याने आकडे घातले होते म्हणे, पण ओलीने सगळी शाई उडालेली. तारवाला दारातून ओरडून गेला होता की प्रत्येक पट्टी आपल्याच जागी बसते, अदलाबदल झाली तर पियानोतला खिळा तिच्या भोकात जाणार नाही, ती शेजारणीला घासेल. म्हणून मी पेन्सिलीने ठसठशीत आकडे घातले, एक ते बावन्न. कुठे घातले असतील सांग. नव्या टोपीखाली झाकले जातील असे, वरच्या उघड्या लाकडावर. कवळीवर गिऱ्हाइकाचं नाव आम्ही नेहमी हिरडीच्या बाजूला घालतो, चारचौघांत दिसू नये म्हणून. कामातली सभ्यता असते.

रंगाचं ऐक. नव्या टोप्यांचा तयार संच पाहिला तो असा पांढराफेक, जसा दातांच्या जाहिरातीतला माणूस. आईच्या पियानोला तो शोभला नसता. मी माझी दातांच्या छटांची जुनी पट्टी काढली, खिडकीशी उभा राहिलो, आणि निखळलेली टोपी शेजारी धरून छटा ठरवली. सुखवस्तू माणसाचा पन्नाशीतला दात, चहा पिणाऱ्याचा. माझ्या ओळखीच्या दुकानदाराने त्याच छटेचा प्लॅस्टिकचा पत्रा दिला. त्यातून टोप्या कापून, कानशीने घासून, माझ्या जुन्या पॉलिशच्या चाकावर प्युमिसची भुकटी लावून चकाकी आणतोय. चाक फिरलं तसं मला वाटलं मी पुन्हा तिशीत आहे. सूनबाई म्हणाली, आवाजावरून तरी गिरणी सुरू झाल्यासारखी वाटते.

एक अडचण होती ती सुटली. पत्रा जुन्या टोपीपेक्षा नखभर जाड. तसाच चिकटवला तर पांढऱ्या पट्ट्या उंच होतील, काळ्या बुटक्या दिसतील आणि बोटं अडखळतील. तेव्हा तेवढं लाकूड आधी कमी करायचं. काचेवर पॉलिशपेपर चिकटवला आणि प्रत्येक पट्टी पालथी घालून घासायला घेतली. छान होतंय. निम्म्या झाल्या, बाकीच्या उद्या. लाकडाचा भुगा काय गोड वासाचा!

गोंदाची तुला चिंता असेल. लगेच चिकटणारा गोंद मी घेतला नाही. तो चिकटतो आणि मग हलूही देत नाही, वाकडी बसली की बसली. मी सावकाश वाळणारा घेतला आहे. टोपी ठेवायची, हळूच सरकवून जागेवर आणायची, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधायची, आणि रात्रभर हात लावायचा नाही. कवळीचंही तसंच असतं. घाई करणाऱ्याला पुन्हा करावी लागते.

तुझ्या पाठदुखीचं काय? खुर्ची कुठली ठेवू? आईची चौरंगासारखी बैठक आहे, पण ती किंचित डुगडुगते. पायाखाली लाकडाची चकती लावतो. लावतोच.

तुझा
दादा


बुधवार, १३ तारीख

धाकटे,

इकडे सर्व ठीक आहे. काम चाललं आहे. काळजीचं काहीच कारण नाही, कुणी काही सांगितलं तर ऐकू नकोस. विशेषतः सूनबाईने.

तू वीस तारीख कळवलीस. वीस चांगली आहे. पण चोवीस जास्त चांगली. वीसला गाड्यांना गर्दी असते असं ऐकतो. तुझं जाणं अठ्ठावीसला, म्हणजे चोवीस बसते. सामान बांधायचं असेल तर आधी बांधून घे, मग निवांत ये.

एक सहज विचारायचं होतं. पट्ट्यांमध्ये एक पट्टी वेगळ्याच लाकडाची सापडली. बाकीच्या फिकट, ही तांबूस. तिच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, कंपासच्या टोकाने कोरलेला मासा आहे, अर्धाच, शेपटीकडचा. असा मासा मी शाळेत असताना काढत असे. हे इथे कुठून आलं? आणि ही पट्टी कुठली, डावीकडची की उजवीकडची, तुझ्या बोटांना काही आठवतं का? सहज विचारतो. उत्तर टपालाने लवकर आलं तर बरं.

चहात साखर घेतेस ना अजून?

दादा


रविवार, १७ तारीख

धाकटे,

तुझं कार्ड आलं. ‘काय घोळ घातलास ते सरळ लिही.’ लिहितो. आणि शेवटपर्यंत वाच, कारण शेवट चांगला आहे. इतका चांगला, की हे पत्र संपवून मी पुन्हा जाऊन पियानो पाहणार आहे.

ऐक. मी पेन्सिलीने आकडे घातले होते कुठे? टोपीखाली झाकले जाणाऱ्या लाकडावर. आणि लाकूड घासून कमी केलं कुठलं? तेच. पहिल्या दिवशी पट्ट्या जेवणाच्या टेबलावर ओळीने होत्या, म्हणून लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईला टेबल हवं होतं. मी सगळ्या पट्ट्या कपड्यांच्या टोपलीत घातल्या, आकडे आहेतच म्हणून निर्धास्त. बावन्नावी घासून झाली, हात झटकले, पहिली लावायला टोपलीत हात घातला, आणि लाकूड कोरं. सगळी बावन्न कोरी, गुळगुळीत. कवळी करणाऱ्याची सभ्यता नडली.

मी टोपलीशेजारी खाली बसलो तो उठलोच नाही. सूनबाईला वाटलं चक्कर आली. तिने पाणी आणलं. मी सांगितलं तेव्हा तिने टोपलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “आत्याबाईंना पियानो वाजण्याजोगा हवा होता. कोणत्या क्रमाने, ते कुठे लिहिलंय?” मग आम्ही दोघं हसलो, पण मी मनातून रडत होतो. तू येणार नाहीस, एवढंच डोक्यात. वीस तारखेला तू झाकण उघडशील, आत टोपलीतला ढीग, आणि तू पर्स उचलशील. तशीच, जशी तेव्हा उचलली होतीस.

तारवाल्याला बोलावलं. त्याने कानातलं यंत्र काढून ठेवलं, म्हणजे माझं रडगाणं ऐकू येऊ नये, आणि पट्ट्या चाळल्या. काळ्या पट्टीला जागा द्यायला प्रत्येक पांढरीला खाच असते, त्या खाचेवरून सा, रे, ग असे सात ढीग झाले. सा निघाले आठ. पण आठांतला कुठला सा डावीकडचा, कुठला उजवीकडचा, ते खाच सांगेना. तो म्हणाला एकेक घालून बघ, नाही बसली तर काढ. घालून बघितल्या. बसतात तशा सगळ्याच थोड्या थोड्या, आणि घासतात तशाही सगळ्याच. दोन दिवस तेच. त्या दिवसांत मी तुला ते गर्दीच्या गाड्यांचं पत्र पाठवलं.

आता तुझं कार्ड. मागच्या बाजूला तू लिहिलंस:

‘तो मधला सा. मी झाकणाखाली अक्रोड फोडायला गेले आणि पट्टी मोडली. बाबांनी रातोरात नवी केली, तुझ्या लिहायच्या डेस्कच्या फळीतून. तू नुकताच कवळीवाल्याकडे कामाला लागला होतास. तुला सांगायचं नाही म्हणाले. बाबा म्हणायचे, हिच्या रेघा शेजारणींशी जुळत नाहीत, पण आवाज जुळतो.’

मी हे तीनदा वाचलं. पहिल्यांदा डेस्कसाठी. मला सांगितलं होतं डेस्क विकलं. मी विचारलंही नाही पुढे, शाळा सुटली तर डेस्क काय करायचं. ते तर घरातच होतं, तुझ्या मधल्या बोटांखाली. म्हणजे मी शाळेत नव्हतो पण माझं डेस्क रोज दोन तास रियाज करत होतं. मला याचा राग येईल असं तुला वाटलं असेल, म्हणून तू इतकी वर्षं बोलली नाहीस. राग कसला. मला तर वाटलं, वा, निदान कुणीतरी शिकलं.

आणि तिसऱ्यांदा वाचताना मी ताडकन उठलो. हिच्या रेघा शेजारणींशी जुळत नाहीत. म्हणजे बाकीच्यांच्या जुळतात! बाबा नाट्यगृहात सुतार होते, तो टाकाऊ पियानो त्यांनीच तिथून घरी आणला, त्यांना कळणारच. सगळ्या पट्ट्या मुळात एकाच रुंद फळीतून कापतात. कापण्याआधी फळी अखंड असते, तिच्या अंगावरच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. कापलं म्हणून रेघ थोडीच विसरते. आणि काळ्या पट्ट्या मी हलवल्याच नव्हत्या, त्या आपापल्या जागी साक्षीदारासारख्या उभ्या!

सकाळचं ऊन खिडकीतून आडवं येत होतं. मी मधल्या दोन काळ्या पट्ट्यांच्या लाकडावर ओलं फडकं फिरवलं, रेघा उठून आल्या. ‘रे’चा ढीग घेतला. पहिली नाही. दुसरी नाही. तिसरी ठेवली, आणि एक काळपट गाठ होती ती अर्धी काळ्या पट्टीवर, अर्धी हिच्यावर, मिळून पूर्ण झाली. वरचा दात खालच्या दातावर बसतो तसा टक् करून. मी सूनबाईला हाक मारली ती अशी, की ती गॅसवरचं दूध तसंच सोडून धावत आली. मग ती ढिगातून काढून देत होती आणि मी ठेवत होतो. “मामंजी, ही घ्या, हिला टोकाशी मिशी आहे.” “ती नव्हे, ती जाड रेघेची.” “तुम्ही सोयरिकी जुळवताय की पट्ट्या?” दूध जळल्याचा वास येईपर्यंत आम्ही थांबलो नाही, आणि वास आल्यावरही फक्त तीच उठली.

डावं टोक, उजवं टोक, सगळ्या बसल्या. शेवटी एकच जागा उरली आणि एकच पट्टी. मधला सा. तिच्या रेघा कुणाशीच जुळत नाहीत. पण खिळ्यावर अशी अलगद उतरली, की मी दोनदा उचलून पुन्हा ठेवली, नुसत्या सुखासाठी.

तेव्हा वीस तारीखच ठेव. गर्दीचं मी खोटं लिहिलं होतं. नाही, वीस नको, खरंच नको, टोप्या बसायच्या आहेत अजून. चोवीस. चोवीस नक्की. या वेळी कारण खरं आहे.

आता आकडे मी पट्टीच्या पोटाला घातले आहेत. शाईने.

तुझा
दादा


गुरुवार, २१ तारीख

धाकटे,

तार मिळाली. ‘चोवीस. दुपारची गाडी. फक्त चहा.’ तीन वाक्यांतलं तिसरं काढलं असतंस तर पैसेही वाचले असते.

टोप्या बसवल्या. रोज थोड्या थोड्या. सगळं घर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आणि कपड्यांच्या चिमट्यांनी भरलं होतं. सूनबाईचे कपडे दोरीवरून उडून खालच्या अंगणात गेले, कारण चिमटे पियानोला. कडा कानशीने घासल्या, नेहमी वरून खाली, खालून वर कधीच नाही, नाहीतर टोपी उचकटते. पुढची कड गोल केली. तुझं बोट कापू नये म्हणून मी प्रत्येक कड स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली. गाल जिभेपेक्षा खरं सांगतो, हे धंद्यातलं ज्ञान. मग लांब सरळ पट्टी आडवी ठेवून पातळी पाहिली. ज्या बसक्या होत्या त्यांच्याखाली कागदाच्या चकत्या घातल्या. आता टेबलासारखी ओळ आहे. तारवाल्याने सूर लावले. त्याने शेवटी दोन्ही हात आपटून एक काहीतरी धडाकेबाज वाजवलं, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी, ज्या गेली कित्येक वर्षं आमच्या नळाच्या आवाजाची तक्रार करतात, जिन्यातून विचारलं की हे रोज होणार का. मी म्हणालो, हो. मग वाटलं त्या रागावतील. तर म्हणाल्या, मग दार उघडं ठेवत जा.

मी अजून वाजवलेला नाही. मला वाजवता येत नाही हे तर आहेच. पण संध्याकाळी झाकण उघडून नुसता बसतो. पन्नाशीतले दात, चहा पिणाऱ्याचे. आई हसायची तसंच दिसतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दारात उभी राहून मला बोलू नकोस. टोप्या एक्कावन्नच बसवल्या आहेत. मधला सा उघडा आहे. टोपी तयार आहे, कापलेली, घासलेली, चकाकी दिलेली, फडक्यात गुंडाळून पियानोवर ठेवली आहे. मी दोनदा गोंद लावायला घेतला आणि दोनदा पुसून टाकला. तांबूस लाकूड झाकण्याआधी तू एकदा पाहावंस असं वाटलं. पट्टी उचलून पोटावरचा मासाही दाखवतो. आणि टोपी तू बसव. मोडलीस तू, तर बसवणारीही तूच. कठीण काही नाही. गोंद पातळ लावायचा, ठेवायची, अंगठ्याने हळूच सरकवायची. मी शेजारी उभा राहून घाबरेन, ते काम माझ्याकडे.

पण मग रात्रभर बांधून ठेवावी लागेल. हा गोंद सावकाश वाळणारा आहे, हे मी तुला पूर्वीच लिहिलं होतं, उगाच आता काढलेलं नाही. त्याआधी वाजवलं तर टोपी सरकते आणि सगळी मेहनत पाण्यात. मधल्या ‘सा’शिवाय तू काय वाजवणार? तेव्हा संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढू नकोस. सकाळची गाडी चांगली असते, गर्दी नसते, सूनबाईने चौकशी केली आहे. ती आईच्या खोलीत तुझं अंथरूण घालते आहे. बैठक डुगडुगत नाही आता.

आणि त्या दोराबद्दल तुला जे काही बोलायचं असेल, ते रात्री बोल. गोंद वाळेपर्यंत आपल्याला दुसरं काही काम नाही.

तुझा
दादा